गिरणी राखली, मस्टर कुठं आहे?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या वळणावर लोवेल नावाचं शहर आहे. 1820 च्या दशकात ते कापडगिरण्यांसाठीच वसवलं गेलं. शंभर वर्षांनी गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे गेल्या आणि शहर ओस पडत गेलं. 5 जून 1978 रोजी इथल्या गिरण्या, कालवे आणि कामगारांच्या राहण्याच्या चाळी मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर झालं. यलोस्टोनचं जंगल ज्या सरकारी खात्याकडे आहे, त्याच खात्याचे रुंद टोपीवाले रेंजर इथं साचे आणि धोटे दाखवतात.

या उद्यानात फिरणारी मामा-भाचीची एक जोडी. मामा मुंबईत परळच्या कापडगिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा होता. 1982 च्या गिरणी संपानंतर त्यानं उरलेली नोकरी रखवालदारीत काढली. भाचीचा पेशा जुन्या इमारतींच्या जतनाचा. ती बोस्टनला असते. उद्यान दाखवायची हौस तिची. मामाला ते पटलं की नाही, हे पुढं दिसेलच.

कालव्याच्या काठावर

भाची : हा पॉटकेट कालवा, मामा. 1796 मध्ये झाला तेव्हा गिरणीचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. इथं नदीला धबधबा आहे, तो चुकवून लाकूड आणि माल खाली न्यायचा, एवढ्यासाठी खणलेला. पंचवीस वर्षांनी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला की पाणी थोड्याशा अंतरात 32 फूट खाली उतरतं. मग कालव्यांचं जाळंच विणलं, साडेपाच मैलांचं. वरच्या कालव्यातलं पाणी गिरणीच्या पोटात शिरायचं, चाक फिरवून खालच्या कालव्यात पडायचं आणि तिथून आणखी एका गिरणीचं चाक फिरवायचं.

मामा : एका पाण्यावर दोन गिरण्या. मालक इथून तिथून हुशारच. आपल्याकडं मुंबईत नदी नव्हती म्हणून कोळसा जाळला, मग टाटांनी खोपोलीहून वीज आणली.

भाची : 1915 मध्ये.

मामा : साल तुला पाठ असणारच. या शहराला लोवेल नाव कुणाचं?

भाची : फ्रान्सिस कॅबट लोवेल. 1810 ते 12 या काळात तो इंग्लंडात होता. यंत्रमागाचे नकाशे देशाबाहेर न्यायला तिथं बंदी होती. त्यानं गिरण्या हिंडून माग डोक्यात साठवून आणला आणि इथं पॉल मूडी नावाच्या कारागिराकडून बनवून घेतला. एका टोकाला कापूस, दुसऱ्या टोकाला कापड, सगळं एका छपराखाली. त्यातून वॉल्थमला पहिली गिरणी उभी राहिली. तो 1817 मध्ये वारला. हे शहर त्यानं बघितलंच नाही.

मामा : बघितलं नाही, तरी नाव त्याचं. आणि कालवा खणला कुणी?

भाची : आयरिश मजुरांनी. ह्यू कमिस्की म्हणून मुकादम होता. 1822 मध्ये तो तीसेक माणसं घेऊन चार्ल्सटाउनहून इथवर चालत आला.

मामा : मुकादमाचं नाव राहिलं. त्या तिसांची?

भाची : मामा, अजून आपण आत गेलोसुद्धा नाही.

मामा : नाही ग, आपलं विचारलं. जागा फारच नेटकी ठेवली आहे म्हणून विचारलं. काठाला झाडं, बसायला बाकं, जुनी ट्रॅम. गिरणीच्या भिंतीला टेकून जोडपी फोटो काढतात. आम्ही गिरणीच्या भिंतीला टेकायचो ते बदलीचं काम मिळतं का बघायला. वरच्या मजल्यावर पडदे दिसतात, तिथं कोण राहतं?

भाची : काही गिरण्यांत आता घरं केली आहेत. उंच छत, मोठ्या खिडक्या, लोकांना आवडतात. भाडं सगळ्यांना परवडतं असं मी म्हणणार नाही.

मामा : मग आपल्या फिनिक्स गिरणीच्या मॉलमध्ये आणि यात फरक तो काय? तिथं चिमणी ठेवून बाजार मांडला, इथं चिमणी ठेवून घरं.

भाची : फरक आहे. तिथं तुला गिरणीबद्दल कोण काही सांगतं? इथं तिकीट काढायच्या आधी रेंजर सांगतो की इथं कोण राबलं, कुणाचे पगार कापले, कोण संपावर गेलं. आणि हे काही कुंपण घातलेलं उद्यान नाही. चालतं शहर आहे, मधूनमधून उद्यानाच्या ताब्यातल्या इमारती. 1980 नंतर कंबोडियातून जीव वाचवून आलेली हजारो माणसं इथं स्थायिक झाली. ज्या गल्ल्यांत आयरिश, मग फ्रेंच कॅनडियन, मग ग्रीक राहिले, त्याच गल्ल्यांत. सगळं पाडून टाकलं असतं तर या नव्या माणसांना आपण कुणाच्या पाठोपाठ आलो हेही कळलं नसतं.

मामा : पाडलं नाही म्हणतेस?

भाची : बरंच पाडलं. सगळ्यात पहिली मोठी गिरणी मेरिमॅक कंपनीची, 1823 ची. ती आणि डटन स्ट्रीटवरच्या कामगारांच्या चाळी 1960 च्या दशकात जमीनदोस्त केल्या. गावालाच त्यांची लाज वाटायची. गिरणी म्हणजे बेकारी, गिरणी म्हणजे हरलेली माणसं. पॅट्रिक मोगन नावाचा शिक्षणखात्यातला माणूस तेव्हा सांगत सुटला की पोरांना त्यांच्या आजी-आजोबांच्या कामाची लाज वाटत असेल तर शाळेत काही शिकवून उपयोग नाही. हे शहरच शाळा करा. पुढं पॉल सॉंगस हा इथलाच पोरगा खासदार झाला आणि त्यानं कायदा करून घेतला.

मामा : लाज वाटली म्हणून यांनी पाडलं. आपल्याकडं जमिनीला भाव आला म्हणून पाडलं. लाज परवडली. लाज गेली तर माणूस थांबतो तरी. भाव कशानं थांबतो?

भाची : कायद्यानं थांबला असता. मुंबईची 1991 ची विकास नियमावली आठव. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला.

मामा : आणि 2001 ला त्यात बदल केला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची, बांधकामाखालच्या जागेची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? कोर्टकचेरी झाली, 2006 ला सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. सहाशे एकर ग! मुंबईच्या पोटातले सहाशे एकर. मला चिमणीचं काय सांगतेस?

साचेखात्यात

बूट कॉटन मिल्स. कंपनी 1835 ची, कापड बंद झालं 1950 च्या दशकात, संग्रहालय 1992 पासून. तळमजल्यावर 88 माग मांडलेले आहेत, ड्रेपर कंपनीचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बनावटीचे. त्यांतले थोडेच एका वेळी चालवतात. दारात कानात घालायला बोळे देतात. मामानं ते घेतले आणि खिशात टाकले.

थोडेच माग चालू असले तरी पायाखालची लाकडी जमीन थरथरते. बोलणं अशक्य. मामा एका मागापुढं उभा राहिला. दोन मिनिटं गेली नाहीत तोच त्यानं हात वर करून माग चालवणाऱ्या बाईंना खूण केली : दोन बोटं चिकटवली, मग झटकन सोडली. ताण्याचा धागा तुटला होता. बाईंनी माग थांबवला, वाकून बघितलं, हसल्या, धागा शोधून गाठ मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. साचेखात्यात ती कधीच लागत नाही. तिथं सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी चालतं.

मग त्या बाईंनी एक जुना धोटा मामाच्या हातात दिला. लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, कडेला चिनी मातीचं बारीक छिद्र. मामानं तो तोंडाजवळ नेला आणि श्वास आत ओढल्याचं नाटक केलं. बाईंनी जोरात मान हलवली. इथंही तसंच चालायचं, हे सांगायला त्यांना शब्द लागले नाहीत.

भाची : (बाहेर आल्यावर) त्या धोट्याला इथं मरणाचा मुका म्हणत. बाबीण बदलली की धाग्याचं टोक त्या छिद्रातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकच धोटा आळीपाळीनं किती जणांच्या ओठांना लागायचा. क्षय पसरायचा. मॅसॅच्युसेट्सनं 1911 मध्ये कायद्यानं ते बंद केलं.

मामा : आमच्या खात्यातले म्हातारे तसंच ओढायचे. हातानं ओवायला वेळ जातो, साचा थांबतो, आणि साचा थांबला की वार कमी भरतात. पगार वारावर. तोंड लावू नका म्हणून पाटी लावायला सोपं असतं.

भाची : हेच आत भिंतीवर लिहिलंय.

मामा : असेल. तुला एक सांगू? आवाज खरा आहे. मी डोळे मिटले तेव्हा मला दुसरी पाळी आठवली. पण हवा खोटी. साचेखातं असं कोरडं नसतं. ताणा तुटू नये म्हणून खिडक्या बंद, वाफ सोडलेली, अंगाला बनियन चिकटलेलं, पापण्यांवर तूस. इथं खिडकीतून ऊन काय येतं, जमीन काय लख्ख. माझ्या पोटात कालवलं ते आवाजानं. हवेत मला काही सापडलं नाही.

भाची : खरी हवा ठेवली तर दुसऱ्या दिवशी उद्यान बंद करावं लागेल, मामा. शाळेची पोरं येतात इथं. त्यांना दमा देऊन इतिहास शिकवायचा का?

मामा : नको ना. म्हणून तर म्हणतो, यानं काही कळत नाही. पोरं येणार, कानात बोळे घालणार, काय मोठा आवाज म्हणणार, दुकानातून इथं विणलेला पंचा घेणार, घरी जाणार.

भाची : आणि त्यांतलं एखादं पोर विचारेल की हा आवाज दिवसाचे बारा-तेरा तास ऐकणाऱ्यांच्या कानांचं काय झालं. पुस्तकात वाचून तो प्रश्न पडत नाही. जमीन पायाखाली हलली की पडतो. मी आर्किटेक्ट झाले ती काही पुस्तक वाचून झाले नाही. लहानपणी आईनं तुझा डबा घेऊन मला गिरणीच्या गेटावर नेलं होतं, ती भिंत बघून झाले.

मामा : ती भिंत आता कुठाय?

भाची : तेच तर म्हणतेय मी!

मामा : हं. बरं, ते माग बघितलेस? आपोआप बाबीण बदलणारे. एका माणसाच्या गळ्यात वीस-वीस साचे घालायला काढलेली युक्ती आहे ती. आमच्या आजोबांच्या वेळी, 1928 ला, दोनाऐवजी तीन साचे चालवा म्हटल्यावर मुंबई सहा महिने बंद होती.

भाची : इथंही आधी बाईमागं दोन माग होते. 1840 च्या दशकात तीन झाले, चार झाले. आणि जो मुकादम आपल्या खात्यातून जास्त माल काढेल त्याला वर बक्षीस.

मामा : म्हणजे आपला जॉबर. जॉबर तो जॉबरच.

चाळीत आणि खाणावळीत

बूट गिरणीला लागूनच कंपनीची जुनी चाळ आहे. पहिल्या पिढीच्या कामगार मुली तिथं राहत. लांब टेबल मांडलेलं, त्यावर ताटं, स्वयंपाकघर, माडीवर दाटीवाटीच्या खाटा. एकेका खाटेवर दोघी झोपत.

भाची : या मुली जवळपासच्या खेड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या. पंधरा ते पंचवीसच्या. आठवड्याचे सरासरी 73 तास काम. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला गेलंच पाहिजे, वागणं ठीक नसेल तर कामावरून कमी. खाणावळ चालवायला कंपनी बाई नेमायची, पुष्कळदा विधवा.

मामा : विधवा तिथंही आणि इथंही. लालबागला आमची खाणावळवाली होती तिचा नवरा गिरणीतच गेला. दहा बाय दहाच्या खोलीत तीस जणांना जेवू घालायची. पगार होईपर्यंत उधारी. संपात तिनं तीन महिने आम्हाला फुकट घातलं, मग तिचेच दागिने गेले. कंपनीनं नव्हती नेमली तिला. गावाकडच्या माणसांनी नेमली होती.

भाची : प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

मामा : तुझ्या उद्यानात ती बसली असती तर मला बरं वाटलं असतं. इथं ताटं आहेत, उधारीची वही नाही.

भाची : पण या मुलींनी काय केलं तेही ऐक. 1834 मध्ये पगार कापायचं ठरलं तेव्हा शेकडो मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. तो संप फसला. 1836 मध्ये खाणावळीचे दर वाढवले, तेव्हा आणखी मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची होती, बाबिणी बदलायच्या कामावर. मोठ्या मुली येऊ की नको करत बसल्या, तेव्हा ही एकटी उठून चालायला लागली. मागं वळून बघितलं तर सगळं खातं तिच्या पाठीमागं. म्हातारपणी तिनं स्वतःच हे लिहून ठेवलं, 1898 मध्ये.

मामा : अकरा वर्षांची!

भाची : आणि सारा बॅग्ली, तीही गिरणीतलीच. 1845 मध्ये तिनं आणि तिच्या संघटनेनं दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज केला, दोन हजारांवर सह्यांचा. समितीपुढं बायकांनी साक्षी दिल्या. समिती म्हणाली, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे, पण हे काम विधिमंडळाचं नाही. बायकांना मत नव्हतं. तरी पुढच्या निवडणुकीत त्यांनी त्या समितीच्या अध्यक्षाविरुद्ध प्रचार केला आणि तो पडला. दहा तासांचा कायदा व्हायला मात्र 1874 उजाडलं.

मामा : आपल्या लोखंड्यांचंही तेच. नारायण मेघाजी लोखंडे. 1884 ला साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. रविवारची सुटी द्या, दुपारी अर्धा तास द्या, पगार वेळेवर द्या. मालकांनी सहा वर्षं काढली. 10 जून 1890 ला रविवार मिळाला. आज मुंबईत अख्खी दुनिया रविवारी लोळत पडते, कुणाच्या नावानं लोळतेय ते कुणाला ठाऊक आहे?

भाची : तू आता माझीच बाजू मांडतोयस.

मामा : कशी?

भाची : लोखंड्यांचं कुणाला ठाऊक नाही म्हणतोस. बॅग्लीचं इथं शाळेतल्या पोरांना ठाऊक होतं, कारण तिच्या खोलीसारखी एक खोली उभी आहे आणि त्यांना वर्गातून उठवून तिथं आणतात. मुंबईच्या पोरांना नेऊन दाखवायला कुठली गिरणी आहे? कापसाचंच घे. या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला, आणि इथं विणलेलं जाडंभरडं कापड परत गुलामांच्याच अंगावर जायचं. हे इथं झाकून ठेवलेलं नाही. 1861 ला यादवी युद्ध पेटलं, कापसाचे भाव कडाडले. इथल्या कंपन्यांनी गोदामातला कापूस चढ्या भावानं विकला, माग बंद केले आणि दहा हजारांच्या आसपास माणसं घरी पाठवली.

मामा : आणि तोच कापूस मग मुंबईनं विलायतेला पुरवला. कापसाचे सटोडिये प्रेमचंद रायचंद, त्यांचा काळ.

भाची : हो. इथल्या साच्यावरची बाई रस्त्यावर आली तेव्हा मुंबईत बॅकबे भराव कंपनीच्या शेअरवर उड्या पडत होत्या. 1865 ला युद्ध संपलं आणि मुंबईचे व्यापारीही कोसळले. आपलं आणि यांचं नातं इतकं जुनं आहे. इथं उभं राहिल्याशिवाय तुला ते असं भिडलं असतं?

मामा : उभं राहून नाही भिडलं. तू सांगितलंस म्हणून भिडलं. भिंत बोलत नाही, बाय. तिच्या वतीनं बोलायला माणूस ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार जो देतो तो ठरवतो काय बोलायचं ते. उद्या दुसरं सरकार आलं आणि म्हणालं, गुलामांचं काढून टाका, संपाचं दोन ओळींत आटपा, तर? भिंत तीच राहील, गोष्ट बदलेल.

भाची : ही भीती खरी आहे. नाही म्हणत नाही.

बाकावर

मामा : म्हणून मघापासून विचारतोय. या मुलींची नावं आहेत का? दोन-चार पुढारी बायकांची म्हणत नाही. सगळ्यांची.

भाची : बऱ्याच जणींची आहेत. हॅमिल्टन नावाची कंपनी होती इथं, बॅग्ली तिच्याच गिरणीत होती. त्या कंपनीच्या पगाराच्या वह्या हार्वर्डच्या ग्रंथालयात शाबूत आहेत. थॉमस डब्लिन या इतिहासकारानं त्या वह्यांतली नावं घेतली आणि ती गावोगावच्या नोंदींशी ताडून बघितली. कुठल्या गावची, किती वर्षं राहिली, लग्न कधी केलं, संपानंतर परत कामावर आली की नाही. 1979 मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं.

मामा : (सरसावून बसत) हे तू शेवटी सांगतेस? हे आधी दाखवायचं होतंस!

भाची : वह्या इथं नाहीत, मामा. त्या बोस्टनला.

मामा : मस्टर, म्हणजे हजेरीपट, राहिलं ना पण? मग या गावानं खरं काही राखलं. ऐक. आपल्याकडं गिरणी कामगारांना घरं द्यायची योजना निघाली तेव्हा अट काय होती? 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता, हे कागदानं दाखवा. हजेरीचं तिकीट, पास, फंडाची पावती, विम्याचं कार्ड, काहीही. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. माझ्या साच्याशेजारी उभा राहणारा माणूस गावाला जाऊन वारला. त्याच्या बायकोनं ट्रंक उपसली, बोनसची एक चिठ्ठी सापडली, तिकीट नंबर पुसट झालेला. भिंगातून वाचला आम्ही तो. ज्यांची ट्रंक पावसात भिजली, ज्यांच्या पोरांनी रद्दी विकली, ते गिरणीत कधी नव्हतेच! चाळीस वर्षं धागा ओढला त्यांनी, आणि नव्हतेच. आमच्या गिरणीतले साचे भंगारवाल्यानं वजनावर उचलले. त्याचं मला दुःख नाही, लोखंडच ते. पण पाठोपाठ दप्तरही गेलं.

भाची : हे तू मला कधी बोलला नाहीस.

मामा : तू मला नेहमी चिमणीचं विचारायचीस.

भाची : बरं, आता माझं ऐक. त्या हार्वर्डच्या वह्या काही काल सापडल्या नव्हत्या. कितीतरी वर्षं कपाटात पडून होत्या. त्यातली एकेक बाई शोधावी असं एखाद्याला 1970 च्या दशकातच का वाटलं? त्याच दशकात हे शहर आपल्या गिरण्यांकडं पुन्हा बघायला लागलं होतं, बायका आपला इतिहास मागायला लागल्या होत्या. लोक जागा बघतात, मग विचारतात, मग कुणीतरी वही उघडतं. नुसती वही असली तर ती कपाटातच राहते. आणि दुसरं, पैशाचं. सरकार इमारतीला पैसे देतं, कारण इमारतीसमोर फीत कापता येते. वहीसमोर कोण फीत कापणार?

मामा : म्हणजे फितीसाठी भिंत.

भाची : भिंतीच्या निमित्तानं वही. आपल्याकडं मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या दोन-तीन नंबर गिरणीत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेनं घेतलंय, कित्येक वर्षं रेंगाळत चाललंय ते. तिथं काय असावं म्हणशील तू?

मामा : एका भिंतीवर तिकीट नंबर आणि नावं. जेवढी मिळतील तेवढी, खात्यावार. त्रासन, साचे, वाइंडिंग, वाइंडिंगच्या बायका वगळायच्या नाहीत. बदलीवालेसुद्धा. समोरच्या भिंतीवर जमिनीचा हिशेब. कुठल्या गिरणीची किती एकर, त्यातली बागेला किती गेली, घरांना किती, मालकाला किती. बस. साचे मागाहून आणा, नाही आणलेत तरी चालेल.

भाची : दुसऱ्या भिंतीला कुणी एक रुपया देणार नाही.

मामा : ठाऊक आहे. साच्याला कुणाची हरकत नसते. म्हणून सांगतो, पहिली मागणी तीच. यादी आणि हिशेब नसेल तर आम्हाला तुमचं संग्रहालय नको म्हणायचं.

भाची : सगळं द्या, नाहीतर काहीच नको? 82 ला तेच म्हणून बसलात ना, मामा? अडीच लाख माणसं. तो संप मागं घेतल्याचं कुणी आजवर जाहीर केलेलं नाही, आणि गिरण्या गेल्या.

मामा : (बऱ्याच वेळानं) मागणी चुकीची नव्हती.

भाची : मी चुकीची म्हटलेलं नाही. तुम्ही अडून बसलात तेवढ्यात मालकांना वेळ मिळाला. आत्ताही तेच होईल. तू यादीवर अडशील, तेवढ्यात काळाचौकीची भिंत कोसळेल, आणि मग यादी मिळाली तरी लावायला जागा नसेल.

मामा : बरं. भिंत मिळत असेल तर घे. दुरुस्त कर, रंग दे, साचे मांड, फीत कापू दे कुणाला कापायची ती. पण ती समोरची भिंत रिकामी ठेव. तिथं झाडाची कुंडी नको, जुन्या मुंबईचा फोटो नको. मोठ्या अक्षरांत एवढंच लिही : नावं आणि जमिनीचा हिशेब येणे बाकी. आणि खाली तारीख घाल, म्हणजे किती वर्षं थकलंय ते येणाऱ्याला मोजता येईल.